जुन्या ध्वनिमुद्रणांतील खरखर : तिच्या निवारणाची चिकित्सा

जुन्या तबकड्या व ध्वनिफिती संगणकावर उतरवून घेण्याचे काम आज ग्रंथालयांत, संगीताच्या विभागांत आणि खासगी संग्राहकांच्या घरी सारख्याच उत्साहाने चालू आहे. हा उत्साह स्वागतार्ह होय. कारण लाखेची तबकडी फुटते, फितीवरील लेप सुटतो आणि ती वाजविणारी यंत्रेही दुर्मिळ होत चालली आहेत. परंतु ह्या कामामागील एक गृहीतक बहुधा न तपासताच स्वीकारलेले असते. गाण्यामागे ऐकू येणारी खरखर म्हणजे गाण्यावर साचलेली धूळ. ती झटकली की खालचे गाणे जसेच्या तसे हाती लागेल, असे ते गृहीतक आहे. उतरवून घेतलेल्या प्रतींवरूनच पुढे श्रुतींची मोजमापे, उच्चारांचा अभ्यास आणि घराण्यांच्या शैलीविषयीची विधाने केली जाणार असल्याने ह्या गृहीतकाची चिकित्सा करणे अगत्याचे ठरते.

प्रथम खरखरीच्या उत्पत्तीचा विचार केला पाहिजे. ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी निव्वळ लाखेची नसते. लाखेत दगडाची बारीक पूड मिसळलेली असते. पोलादी सुईचे टोक त्या पुडीवर घासून खाचेच्या आकाराचे व्हावे, अशी त्यामागील योजना होती. जी पूड सुईला आकार देते तीच तिला अखंड थरथरवते. म्हणजे खरखर ही त्या तबकडीच्या घडणीतच आहे. ध्वनिफितीवरील ‘सूं’ असा संथ आवाजही चुंबकीय कणांच्या अनियमित मांडणीतून उद्भवतो. तोही वस्तूचाच गुण होय. ह्याहून भिन्न असे काही उपद्रव उतरवून घेताना नव्याने शिरतात : वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची घरघर व तिच्या पटीतील नाद, मळलेल्या सुईची कुरकुर, फाजील वाढविलेल्या पातळीमुळे फाटलेला आवाज. मूळ वस्तूत असलेली खरखर आणि उतरविणाऱ्याने घातलेली भर, हा भेद पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे.

ह्यांपैकी दुसऱ्या प्रकाराचे निवारण संगणकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच करता येते, आणि पहिल्या प्रकाराची तीव्रताही तेथेच पुष्कळ कमी होते. तबकडी शुद्ध केलेल्या पाण्याने हलकेच धुवावी लागते. मात्र लाख मद्यार्कात विरघळत असल्याने स्पिरिट कटाक्षाने टाळावे लागते. दीर्घवादन तबकडीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे १ सहस्रांश इंच असते, तर ७८ फेऱ्यांच्या तबकडीस सुमारे ३ सहस्रांश इंचाची लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी जाऊन तेथील गाळच वाचते. ह्या तबकड्यांत ध्वनी आडव्या हालचालीने कोरलेला असल्याने खाचेच्या दोन्ही भिंतींवर एकच गाणे असते. म्हणून द्विमार्गी यंत्रावर वाजवून दोन्ही मार्ग योग्य रीतीने एकत्र केले, तर सुईच्या वरखाली हालण्यातून येणारा उपद्रव आपोआप नाहीसा होतो. फितीच्या बाबतीत वाचनशीर्ष स्वच्छ असणे आणि त्याचा कोन मूळ मुद्रणाशी जुळविणे हे पहिले कर्तव्य होय. १९६८ साली आलेल्या डॉल्बी-बी पद्धतीने मुद्रित केलेली कॅसेट त्याच पद्धतीने उलगडून वाजवावी लागते. घरघरीसाठी सर्व यंत्रांचा भूसंबंध एकाच ठिकाणी जोडणे बहुधा पुरते. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००९ मधील मार्गदर्शिकेत २४ बिट आणि सेकंदास किमान ४८,००० नमुने हे प्रमाण सांगितले असून ९६,००० नमुन्यांची शिफारस केली आहे. ह्या उपायांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी खरखर कमी होते. परंतु गाण्यातून काहीही वजा होत नाही.

संगणकावरील उपायांची जात वेगळी आहे. ओरखड्यामुळे होणारी ‘टक्’ काढताना तेवढा क्षण कापून, आजूबाजूच्या नमुन्यांवरून तेथे काय असावे ह्याचा गणिती तर्क करून ती जागा भरली जाते. क्षण अत्यल्प असल्याने हा तर्क बहुधा निर्धोक ठरतो. अखंड खरखरीची गोष्ट निराळी. १९७९ साली स्टीव्हन बोल ह्यांनी बोलण्याच्या ध्वनीसाठी जी वजाबाकीची पद्धत मांडली तिचे तत्त्व असे : बोलणारा थांबला असता जो आवाज उरतो त्याचा नमुना घ्यावा, त्यातील प्रत्येक कंपनसंख्येचे बळ मोजावे आणि ते संपूर्ण मुद्रणातून वजा करावे. ह्या वजाबाकीनंतर जी किणकिण मागे राहते तिला अभियंते ‘सांगीतिक गोंगाट’ म्हणतात. संगीत वाचविण्याच्या प्रयत्नात खोटे संगीत निर्माण व्हावे, हा दैवदुर्विलासच होय.

तथापि ह्या पद्धतीचा मुख्य दोष अवशेषात नसून आधारात आहे. ती निःशब्दतेवर उभी आहे, आणि हिंदुस्थानी संगीताच्या मैफलीत निःशब्दता जवळजवळ नसतेच. गायकाने आरंभ करण्यापूर्वी तंबोरे झंकारत असतात. तो श्वास घेण्यास थांबला तरी ते थांबत नाहीत. मैफलीच्या फितीवरील अशा ‘रिकाम्या’ जागेचा नमुना घेतला, तर संगणकाच्या लेखी तंबोरा हाच गोंगाट ठरतो. आणि ज्या षड्‌जाच्या आधारे प्रत्येक श्रुती मोजावयाची तोच क्षीण होतो. व्यंजनांचीही हीच गत होते. ‘स’, ‘श’, ‘छ’ ह्यांचे घर्षण आणि महाप्राणांचा श्वास हे घडणीने खरखरीचेच सगोत्र आहेत. यंत्राला त्यांतील भेद कळत नाही. बंदिशीचे शब्द बोथट होतात, आणि मग गायकाचा उच्चार अस्पष्ट होता असा निष्कर्ष एखादा अभ्यासक प्रामाणिकपणे काढतो.

श्रोत्यांची दाद, पेटीच्या भात्याचा आवाज, तबला जुळविताना पडणारी हातोडी हे सारे गोंगाटात जमा करावयाचे काय? १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान ह्यांची ध्वनिमुद्रणे झाली. त्या काळच्या तबकड्यांच्या अखेरीस गाणे संपल्यावर गायिका स्वतःचे नाव सांगते. संगीताच्या दृष्टीने तो भाग गाण्याबाहेरचा. इतिहासकाराच्या दृष्टीने तो अमोल आहे. गोंगाट ही केवळ भौतिक वस्तू नसून तो एक निर्णय आहे, आणि तो निर्णय ऐकणाऱ्याच्या प्रयोजनानुसार बदलतो.

अशा निर्णयाचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे टॉमस स्टॉकहॅम ह्यांनी केलेले एन्रिको कारुझो ह्यांच्या तबकड्यांचे संस्करण होय. ते १९७६ साली प्रसिद्ध झाले. कर्ण्यात गाऊन केलेल्या त्या मुद्रणांत कर्ण्याचा स्वतःचा घुमार मिसळला होता. तो ओळखण्यासाठी स्टॉकहॅम ह्यांनी नंतरच्या, चांगल्या साधनांनी केलेल्या मुद्रणाशी तुलना करून फरक काढला. ही बुद्धिमत्ता वंदनीय आहे. परंतु येथे कारुझो कसे गात होते ह्याचे माप दुसऱ्याच ध्वनीवरून ठरले, हे विसरता येत नाही. हे संस्करण म्हणजे एक विद्वत्तापूर्ण पाठ आहे. मूळ संहिता नव्हे.

‘पाठ’ हा शब्द येथे हेतुतः योजला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेऊन १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने महाराष्ट्रातील विद्वानांना एक शिस्त शिकविली. संपादकाने निवड करावी. पण वगळलेले पाठ तळटीपांत द्यावेत, आणि जेथे निवड संदिग्ध आहे तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ ओढून तशी कबुली द्यावी. ध्वनीच्या संपादकाला ह्याहून वेगळा धर्म नाही. कोणताही संस्कार न केलेली प्रत कायम जतन करावी. केलेल्या प्रत्येक संस्काराची नोंद प्रतीसोबत ठेवावी. आणि ऐकण्यासाठी केलेली स्वच्छ प्रत अभ्यासाची प्रत म्हणून देऊ नये.

सामान्य श्रोत्यास खरखर असह्य होते, मग त्याला स्वच्छ प्रत का नाकारावी, असा आक्षेप येथे संभवतो. ती नाकारण्याचे कारणच नाही. मुलांसाठी लिहिलेले महाभारत कोणी जाळीत नाही. त्यावरून संहितेचा निर्णय मात्र करीत नाहीत, एवढेच. तरीही ती स्वच्छता कोठवर न्यावी ह्याची एक सोपी कसोटी संगणकानेच उपलब्ध केली आहे. मूळ प्रतीतून संस्कारित प्रत वजा करून जे उरते, म्हणजे जे काढून टाकले, तेवढेच वेगळे ऐकता येते. त्यात नुसती खरखर ऐकू आली तर संस्कार योग्य झाला. त्या खरखरीआड तंबोऱ्याची झणकार किंवा एखाद्या ‘स’काराची कड ऐकू आली, तर हात मागे घ्यावा, कारण झाडलेल्या केरात गाणे निघाले आहे.