एका पानाचा पुरावा

खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांचा 'थ्री सी 273' या रेडिओ-स्रोतावरचा शोधनिबंध 16 मार्च 1963च्या 'नेचर'मध्ये छापून आला. जेमतेम पानभराचा.

सुरुवातीला शोधाचा डंका नाही. पालोमारच्या 200 इंची दुर्बिणीने घेतलेल्या फोटोत रेडिओ-स्रोताच्या जागी काय दिसते, एवढेच श्मिट सांगतात: तेराव्या प्रतीचा एक तारा आणि जवळच अंधूक शलाका. मग वर्णपट. त्यात रुंद, तेजस्वी रेषा, पण एकही ओळखीच्या जागी नाही. 5632, 5032, 4753 अँगस्ट्रॉम. हे आकडे सुटे वाचले तर मुके आहेत. पण निळ्याकडे जाताना रेषांमधले अंतर ज्या रीतीने आटत जाते, ती हायड्रोजनचीच चाल. प्रयोगशाळेत 4861वर असणारी रेषा इथे 5632वर सरकली आहे. ताम्रच्युती 0.158!

निबंधाचा खरा कस इथून पुढे लागतो. हा जेमतेम दहा किलोमीटर त्रिज्येचा, प्रचंड गुरुत्वाचा तारा असेल काय? की दूरच्या दीर्घिकेचा गाभा, सेकंदाला सुमारे 47,000 किलोमीटर वेगाने दूर जाणारा? श्मिट घाईने कौल देत नाहीत. ते बोट ठेवतात ऑक्सिजनच्या एका रेषेवर. ही रेषा अतिविरळ वायूतच उमटते, आणि दाट ताऱ्याच्या पृष्ठाशी तसा वायू कुठून येणार? शिवाय तिची च्युती हायड्रोजनइतकीच. एवढ्या बळावर ते दुसरा पर्याय कमी आक्षेपार्ह ठरवतात. या संयमातच मला लेखनाचे सौंदर्य दिसते.

जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह क्वेसारांच्या, म्हणजे अशा ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या स्रोतांच्या, अंतराविषयीची शंका पुढे अनेक वर्षे जागती ठेवली. बहुतेकांना ती पटली नाही. मलाही श्मिट यांचाच निष्कर्ष पटतो, पण शंकेला जागा कुठे होती, ते याच पानावर कळते.

पुढे 'स्लोन' आकाश-सर्वेक्षणाने ॲल्युमिनियमच्या चकतीला भोके पाडून, प्रत्येकात प्रकाशतंतू खोचून, एकदम 640 वर्णपट टिपायला सुरुवात केली. साडेसात लाखांवर क्वेसार नोंदले गेले. क्वेसार म्हणून निवडलेल्या ठिपक्यांतून श्वेत बटू आणि कार्बन तारेही हाती लागले. वाचायची रीत मात्र श्मिट यांचीच.

पनवेलच्या उजळलेल्या आकाशात 'थ्री सी 273'चा ठिपका सापडणे कठीण. एप्रिल-मे महिन्यांत, चंद्र नसलेल्या रात्री, आठ इंची दुर्बीण घेऊन कर्जतच्या पलीकडे अंधारात जा आणि कन्या राशीत तो शोधा. त्याआधी हे एक पान जरूर वाचा.