मनस्वीपणा कुणाला परवडतो?

कलावंत म्हटला की तो लहरी, मनस्वी, तडकाफडकी नोकरी सोडणारा असायचाच, अशी आपल्या मध्यमवर्गीय अभिरुचीची धारणा आहे. मला या मनस्वीपणाचा सामाजिक हिशेब मांडायचा आहे.

आर. के. लक्ष्मण यांचे उदाहरण घेऊ. म्हैसूरच्या या तरुणाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने प्रवेश नाकारला. पुढे 'फ्री प्रेस जर्नल'च्या मालकांनी कम्युनिस्टांवर चित्रे काढू नका असे बजावले, तेव्हा ते बाहेर पडले आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'त गेले. रेषेवरची त्यांची हुकमत वादातीत आहे, आणि मालकापुढे न वाकणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु वडील मुख्याध्यापक, थोरले बंधू कादंबरीकार आर. के. नारायण. अशा घरातल्या मुलाला मिळालेला नकार एका संस्थेचा असतो. गावकुसाबाहेरच्या मुलाला मिळणारा नकार सबंध व्यवस्थेचा असतो. पहिल्याच्या चिडीला मनस्वीपणा म्हणतात, दुसऱ्याच्या चिडीला उद्धटपणा.

लक्ष्मण यांचा धोतर आणि चौकटीचा कोट घातलेला 'कॉमन मॅन' १९५१ पासून अवतरला. तो सारे पाहतो, बोलत काहीच नाही. महागाई पाहतो, मंत्र्यांची आश्वासने पाहतो. पण त्याला कुणी पाणवठ्यावर अडवल्याचे मला आठवत नाही. मग हा 'सामान्य' माणूस नेमका कोणाचा? ज्याला मुकेपणा परवडतो, त्याचाच.

२०१२ साली अकरावीच्या पाठ्यपुस्तकातील शंकर यांच्या १९४९ सालच्या चित्रावरून वादळ उठले. संविधानाच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसलेले आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू, असे ते चित्र. दलितांना विनोद कळत नाही, असा सूर तेव्हा निघाला. उन्नमती श्याम सुंदर या आंध्रच्या दलित व्यंगचित्रकाराने त्याला कामातून उत्तर दिले. त्यांनी १९३२ ते १९५६ या काळातील इंग्रजी वृत्तपत्रांतून बाबासाहेबांवरची शंभरावर व्यंगचित्रे शोधून काढली आणि २०१९ साली 'नो लाफिंग मॅटर' या ग्रंथात भाष्यासह मांडली. त्यांत शंकर आहेत, एन्व्हर अहमद आहेत, लक्ष्मणही आहेत. बाबासाहेब पुन्हा पुन्हा खुजे, हास्यास्पद रेखाटलेले. एका चित्रावर हसता येते. शंभर चित्रे शेजारी ठेवली की हसणाऱ्याची जात दिसू लागते.

मला हा ग्रंथ समीक्षेइतकाच कलावंताच्या घुसमटीचा दस्तऐवज वाटतो. इथे चीड लहरीत विरली नाही. तिने शिस्त पत्करली, पुरावा गोळा केला.

जयंतीची कमान आणि वस्तीतल्या भिंती रंगवणारी पोरे आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यांच्या हाताला वळण आहे, डोक्यात आग आहे, छापील चौकट मात्र नाही. प्रस्थापित वृत्तपत्रे ती देतील म्हणून किती काळ थांबायचे? कवितेला जशी आपल्या नियतकालिकांनी पाने दिली, तशी रेषेलाही दिली पाहिजेत. नाहीतर आमच्यावर कोण आणि कसे हसणार, हे दुसरेच ठरवत राहतील.