जिभेच्या जागी की कानाच्या जागी?

‘मूकबधिर’ हा शब्द आपण एका दमात उच्चारतो. तो इतका रुळला आहे की त्यात दोन वेगळी माणसे कोंबली गेली आहेत, हे लक्षात येत नाही. जन्मतः बहिऱ्या मुलाला बोली कानावाटे मिळत नाही, म्हणून त्याला मुका म्हणायची पद्धत पडली. पण बोलायला शिकल्यावर, कधी कधी तर अर्धा संसार झाल्यावर ज्याचे कान जातात, तो मुका कुठे असतो? २०१६चा दिव्यांग हक्क कायदा दोन्ही कानांतील श्रवणहानी डेसिबलमध्ये मोजतो. ७० डेसिबल झाली की बधिर, ६० ते ७० असली की कमी ऐकू येणारा. ऐकू येणे कोणत्या वयात थांबले, हा प्रश्न त्या व्याख्येत नाही. आणि मागाहून बहिऱ्या झालेल्या माणसाचे सगळे दुखणे तर त्या वयातच असते. त्याच्याजवळ बोली शाबूत असते आणि तिचे उत्तर मात्र त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्याने बोलतच राहावे, की हातांची भाषा शिकावी?

गेली सहा-सात वर्षे मी अशा माणसांनी स्वतःविषयी लिहिलेली पुस्तके शोधून वाचतो आहे. त्यांतल्या पाच लेखनांविषयी येथे लिहितो. वाचताना मी तटस्थ नव्हतो, हे आधीच सांगायला हवे. माझे ऐकणे सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले.

पहिले पुस्तक १७७९चे. पिएर देलोज हा पॅरिसमधला पुस्तकबांधणी आणि भिंतींना कागद चिकटवण्याचे काम करणारा कारागीर. सातव्या वर्षी देवी आल्या आणि कान गेले. बोलणे उरले, पण इतके अस्पष्ट की सवयीच्या माणसालाच कळावे. बहिऱ्यांना तोंडी बोलायलाच शिकवावे असे सांगणारे आबे देशां यांचे पुस्तक निघाले, तेव्हा देलोजने त्याला छापील उत्तर दिले. बहिऱ्या माणसाने लिहून प्रसिद्ध केलेले हे पहिले पुस्तक मानतात. पॅरिसमधील बहिरे कारागीर हातांच्या भाषेत जगातल्या हरेक विषयावर बोलतात, हे तो ठणकावून सांगतो. पण मला त्यातला दुसराच भाग मोलाचा वाटतो. सत्ताविसाव्या वर्षापर्यंत तो इतर बहिऱ्यांपासून दूर होता. तोवर त्याच्याकडे सुट्या, विस्कळीत खुणा होत्या. एका निरक्षर, जन्मबधिर इटालियन नोकराची गाठ पडली आणि त्या खुणांची भाषा झाली. म्हणजे देलोजने एका संध्याकाळी बसून बोली की खूण अशी निवड केली नाही. त्याला समोर एक माणूस मिळाला.

दुसरे लेखन हॅरिएट मार्टिनो यांचे. बहिऱ्यांना उद्देशून लिहिलेले त्यांचे पत्र १८३४ साली एडिंबरोच्या एका मासिकात आले. त्यांचे ऐकणे लहानपणापासून उतरत गेले आणि विशीत फारच कमी झाले. त्या बोलत राहिल्या, कानाला कर्णा लावून ऐकत राहिल्या आणि तो कर्णा घेऊनच अमेरिका हिंडून आल्या. ‘काय म्हणालात?’ असे कधीही विचारायचे नाही, हा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला होता. समोरच्याला वाटले तर तो पुन्हा सांगेल, आपण ओझे व्हायचे नाही. या पत्राची करारी भाषा मला अजूनही आवडते, पण त्यातला उपदेश मला मान्य नाही. मार्टिनो यांच्या कर्ण्यात अजून आवाज शिरत होता. ज्याच्या कानात काहीच शिरत नाही त्याने न विचारण्याचे व्रत घेतले, तर तो शिष्टाचार पाळून एकटा पडेल. शिवाय सगळे कष्ट बहिऱ्याने घ्यायचे, ऐकणाऱ्याने काहीच बदलायचे नाही, ही वाटणी त्या न तपासताच स्वीकारतात.

तिसरा जॉन किट्टो. प्लिमथच्या गवंड्याचा मुलगा. १८१७ साली बारा वर्षांचा असताना बापाच्या हाताखाली छपराचे दगड वर नेताना तो पडला आणि पूर्ण बहिरा झाला. पुढे तो बायबलचा नामांकित अभ्यासक झाला. त्याच्या १८४५च्या ‘द लॉस्ट सेन्सेस’मधला एक प्रसंग पुष्कळांना ठाऊक आहे. बहिरा झाल्यावर किट्टोने बोलणे जवळपास सोडले होते. भूमध्य समुद्राच्या पहिल्या सफरीत सोबत्यांनी कट केला, कप्तानही त्यात सामील झाला. किट्टो तोंडाने बोलेल तेवढेच समजून घ्यायचे, एरवी समजलेच नाही असे दाखवायचे. किट्टो बोलू लागला आणि त्याबद्दल तो त्यांचे उपकार मानतो.

ही गोष्ट मित्रांच्या मायेची म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेही. पण मला तिच्यात एक अर्धी बाजू गाळलेली दिसते. त्या सोबत्यांची उत्तरे किट्टोला कशी पोचत होती? कान पूर्ण गेलेला तो माणूस. उत्तरे बोटांनी किंवा कागदावरच येत असणार. आपल्याकडे ‘करपल्लवी’ हा सुंदर जुना शब्द आहे. बोटांनी अक्षरे दाखवण्याची तशीच रीत इंग्लंडात होती आणि किट्टोला ती अवगत होती. कटाने त्याची जीभ मोकळी झाली. कानाची जागा मात्र बोटांनीच भरली. किट्टो स्वतः हा हिशेब मांडत नाही, पण त्याच्याच प्रसंगातून तो निघतो.

चौथा डेव्हिड राइट, दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला इंग्रजी कवी. सातव्या वर्षी लोहितांग ज्वराने बहिरा झाला, इंग्लंडमध्ये बहिऱ्यांच्या शाळेत शिकला, ऑक्सफर्डला गेला आणि जन्मभर बोलत राहिला. त्याचे ‘डेफनेस’ १९६९चे. कान गेल्यावरही त्याला घरच्यांचे आवाज ‘ऐकू’ येत होते. एकदा नात्यातल्या भावाने बोलता बोलता तोंडावर हात धरला आणि आवाज बंद पडला. तेव्हा कळले की हे ऐकणे डोळे करत होते. ओठ पाहून मन त्यात ओळखीचा आवाज भरत होते. पाच पुस्तकांत मला सर्वांत खोल वाटलेले हे पान. मागाहून बहिऱ्या झालेल्याचे बोलणे किती भरभक्कम असते आणि त्याचे ऐकणे किती पातळ, हे एका हाताच्या हालचालीत दिसते.

ओठवाचन मराठीत किती साथ देते, हे पाहायचे असेल तर आरशासमोर उभे राहून आवाज न काढता ‘पान’, ‘बाण’, ‘मान’ म्हणून पाहावे. तिन्ही एकच दिसतात. क, ख, ग तर घशातच राहतात. संदर्भावरून माणूस जुळवत जातो आणि संध्याकाळपर्यंत दमतो. मागे एका वाचनालयात मी चाळीस मिनिटे व्याख्यान दिले. नंतर एका मुलीने प्रश्न विचारला आणि मी तपशीलवार उत्तर दिले. प्रश्न भलताच होता, हे घरी आल्यावर बायकोने लिहून सांगितले. सभागृहात कुणी मला थांबवले नाही, कारण इतके स्वच्छ बोलणाऱ्याला ऐकू येत नसेल असे कुणाला वाटले नाही. बोली शाबूत असण्याचा हा तोटा राइटने नेमका जाणला होता. मार्टिनो यांच्या पत्रात तो नाही.

पाचवे पुस्तक आपल्याकडचे. मदन वसिष्ठ यांचे ‘डेफ इन दिल्ली’ २००६ साली आले. आजच्या हिमाचलातल्या खेड्यात अकराव्या वर्षी आजारपणात कान गेले आणि शाळा सुटली. पुढे ते बहिऱ्यांच्या संस्थेत छायाचित्रण शिकायला दिल्लीला आले. तिथे हात चालवत बोलणारी माणसे त्यांना भेटली. १९६७ साली ते अमेरिकेतल्या गॅलोडेट येथे शिकायला गेले. भारतीय सांकेतिक भाषेचे सुरुवातीचे कोश करणाऱ्यांत ते होते. मुंबईच्या खुणाही त्या कामात नोंदल्या गेल्या. देलोज आणि वसिष्ठ यांच्यात सव्वादोनशे वर्षे आहेत, पण कथेचा सांधा तोच. घरात माया होती, भाषा परक्या शहरात सापडली.

आता माझे म्हणणे मांडतो. या लेखकांविषयी लिहिणारे त्यांची दोन रांगांत वाटणी करतात: मार्टिनो, किट्टो, राइट बोलीचे; देलोज, वसिष्ठ खुणांचे. १८८०च्या मिलान परिषदेने बोलीच श्रेष्ठ असा ठराव केला आणि जगभरच्या शाळांतून हातांची भाषा हद्दपार होऊ लागली; त्या भांडणाच्या रेषा या पुस्तकांवरही ओढल्या जातात. पण ते भांडण जन्मबधिर मुलांच्या शिक्षणाचे होते. मागाहून बहिऱ्या झालेल्याला सांगण्यासाठी हात लागत नाहीत, सांगायला जीभ आहेच. त्याला हात लागतात ऐकण्यासाठी. आणि ते हात समोरच्याचे असावे लागतात. खुणा या त्याच्या जिभेच्या जागी येत नाहीत, कानाच्या जागी येतात. असे पाहिले की किट्टो आणि देलोज शेजारी बसतात आणि प्रश्न पालटतो: याच्यासाठी कोण शिकणार?

याच ठिकाणी पाचही लेखने अपुरी आहेत. शिकणाऱ्या दुसऱ्या माणसाचे त्यांत फारसे काही नाही. किट्टोच्या कटातल्या कप्तानाला काय वाटले, वसिष्ठांच्या घरच्यांनी हात कसे हलवले असते, हे आपल्याला कळत नाही. मराठीत ‘ऐकत नाही’ म्हणजे हट्टी आणि ‘बहुश्रुत’ म्हणजे शहाणा. ज्ञान कानांनीच येते असे मानणाऱ्या या भाषेत तर असे पुस्तक हवेच आहे, आणि ते बहिऱ्याच्या घरातल्या ऐकणाऱ्याने लिहायला हवे.

दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०१८ साली तीन हजार शब्दांचा कोश काढला, २०२१पर्यंत तो दहा हजारांवर गेला. त्याच्या चित्रफिती मी रात्री पाहू लागलो, तेव्हा बायकोने वहीत लिहिले: ‘अहो, तुम्ही शिकाल, पण बोलणार कुणाशी?’ मी तोंडानेच म्हणालो, “तुझ्याशी.” तिने थोडा वेळ पडद्याकडे पाहिले आणि ती बाई हात कसा फिरवते ते पुन्हा दाखवा, अशी खूण केली. ती खूण कोशात नाही. मला मात्र ती पहिल्याच वेळी कळली.