राजशेखराचा हरणविचार आणि बड्या तंत्रज्ञान कंपन्यांचे अनुकरण

सारांश

बड्या तंत्रज्ञान कंपन्यांची चर्चा करताना नवनिर्मिती हा गुण आणि अनुकरण हा दोष, अशी ढोबळ विभागणी केली जाते. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त मांडलेल्या हरणविचाराच्या आधारे या विभागणीची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. अनुकरणाचे मूल्यमापन केवळ साम्यावरून न करता अनुकर्त्याच्या बाजारातील स्थानावरूनही करावे लागते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : अनुकरण, नवनिर्मिती, हरण, प्रतिबिंबकल्प, बाजारसत्ता.

प्रस्तावना

उसनवारीचा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. संस्कृत काव्यशास्त्राने प्रतिभेचा संबंध नवोन्मेषाशी जोडला. पण त्याच परंपरेतील राजशेखराने, इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या सुमारास, पूर्वसूरींकडून घेणे हे वास्तव मान्य करून त्याचे प्रकार पाडले. मूळ अर्थ तसाच ठेवून केवळ शब्दरचना बदलणे, हे प्रतिबिंबकल्प. थोड्याफार संस्काराने मूळ वस्तू वेगळी भासविणे, हे आलेख्यप्रख्य. विषय भिन्न असूनही अत्यंत साम्यामुळे ते एकच वाटणे, हे तुल्यदेहितुल्य. बीज एकच, पण त्याभोवतीची मांडणी सर्वस्वी निराळी, हे परपुरप्रवेशसदृश. 'घेतले का?' या प्रश्नापाशी न थांबता 'घेऊन काय केले?' असे विचारणे, हे या वर्गीकरणाचे महत्त्व होय. तंत्रज्ञान कंपन्यांविषयी बोलताना मात्र आपण बहुधा पहिल्याच प्रश्नापाशी थांबतो.

झेरॉक्स आणि ॲपल

झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो संशोधन केंद्रात १९७३ मध्ये 'आल्टो' हा संगणक तयार झाला. पडद्यावरील खिडक्या आणि माऊस यांच्या साहाय्याने संगणक हाताळण्याची पद्धत त्यात होती. माऊस ही मुळात झेरॉक्सची कल्पना नव्हे. डग्लस एंगलबार्ट यांनी १९६८ मध्येच त्याचे जाहीर प्रात्यक्षिक दाखविले होते. १९७९ मध्ये स्टीव्ह जॉब्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे केंद्र पाहिले. त्या बदल्यात झेरॉक्सला ॲपलचे भाग विकत घेता आले. त्यामुळे या प्रसंगाला सरसकट चोरी म्हणणे योग्य नाही. झेरॉक्सने १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या 'स्टार' या यंत्राची किंमत सुमारे १६,५०० डॉलर होती. १९८४ च्या मॅकिंटॉशची २,४९५ डॉलर. आल्टोच्या माऊसला तीन बटणे होती, ॲपलने एकच ठेवले. मोठ्या कार्यालयांसाठी योजिलेली कल्पना घरातील टेबलावर आली. बीज तेच, मांडणी निराळी. म्हणून हे उदाहरण परपुरप्रवेशसदृश या प्रकारात बसते.

पुढे मायक्रोसॉफ्टच्या 'विंडोज'विरुद्ध खुद्द ॲपलने १९८८ मध्ये दावा दाखल केला. १९९४ मध्ये अपिलीय न्यायालयातही निकाल मायक्रोसॉफ्टच्याच बाजूने लागला. स्वामित्वहक्क कल्पनेवर नसून तिच्या विशिष्ट अभिव्यक्तीवर असतो, हे तत्त्व त्यातून अधोरेखित झाले. या परंपरेतील प्रत्येक अनुकरणाने ग्राहकापुढील पर्याय वाढविले, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

स्नॅपचॅट आणि इन्स्टाग्राम

दुसरे उदाहरण वेगळ्या स्वरूपाचे आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या स्नॅपचॅटने २०१३ मध्ये 'स्टोरीज' ही सोय आणली : चोवीस तासांनी आपोआप नाहीशी होणारी चित्रांची मालिका. ऑगस्ट २०१६ मध्ये फेसबुकच्या मालकीच्या इन्स्टाग्रामने तीच सोय, त्याच नावाने आणि त्याच चोवीस तासांच्या मर्यादेसह सुरू केली. या कल्पनेचे श्रेय स्नॅपचॅटचे असल्याचे इन्स्टाग्रामचे तत्कालीन प्रमुख केविन सिस्ट्रॉम यांनी उघडपणे मान्य केले. राजशेखराच्या परिभाषेत हे प्रतिबिंबकल्प ठरते.

तथापि, हे फेसबुकचे पहिले अनुकरण नव्हते. स्नॅपचॅटच्या धर्तीवर २०१२ मध्ये 'पोक' आणि २०१४ मध्ये 'स्लिंगशॉट' ही स्वतंत्र ॲप्स त्याच कंपनीने आणली होती. दोन्ही अपयशी ठरली आणि गुंडाळली गेली. कंपनी तीच, लक्ष्यही तेच. मग 'स्टोरीज' का यशस्वी झाली? 'पोक' आणि 'स्लिंगशॉट' यांसाठी वापरकर्त्याला नव्या ठिकाणी जावे लागत होते. 'स्टोरीज' मात्र तो रोज उघडत असलेल्या पडद्याच्या माथ्यावरच येऊन बसली आणि त्याचे मित्र तेथे आधीपासूनच होते.

आकडेही बोलके आहेत. स्नॅपचॅटच्या दैनंदिन वापरकर्त्यांत २०१६ च्या दुसऱ्या तिमाहीत सुमारे २ कोटी १० लाखांची भर पडली होती. चौथ्या तिमाहीत ती सुमारे ५० लाखांवर आली आणि एकूण संख्या १५ कोटी ८० लाख झाली. कंपनीने या मंदावण्यामागे स्पर्धेबरोबरच स्वतःच्या ॲपमधील तांत्रिक अडचणीही नमूद केल्या होत्या. एप्रिल २०१७ मध्ये इन्स्टाग्रामने आपल्या 'स्टोरीज'चे दैनंदिन वापरकर्ते २० कोटी असल्याचे जाहीर केले.

हरणविचाराची मर्यादा

येथे राजशेखराचे वर्गीकरण अपुरे पडते. एका कवीने दुसऱ्याचा अर्थ उचलला, तरी रसिक कोणाच्याही मालकीचा नसतो. दोन्ही काव्ये ऐकून, ताडून पाहण्यास तो मोकळा असतो. समाजमाध्यमांत मात्र सभाच अनुकर्त्याच्या वाड्यात भरलेली असते. तेथून उठून जायचे, तर सोबतच्या सर्वांनी उठावे लागते. अशा वेळी अनुकरण किती कुशल आहे, हा प्रश्न दुय्यम ठरतो.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की वापरकर्त्यांना चांगली सोय आयती मिळाली. हे खरे आहे. दुसरा असा, की स्नॅपचॅट संपले नाही. २०२३ मध्ये त्याचे दैनंदिन वापरकर्ते ४० कोटींहून अधिक झाले. हेही खरे आहे. परंतु प्रश्न एका कंपनीच्या जगण्याचा नसून पुढील निर्मात्याच्या धैर्याचा आहे. नवी कल्पना लोकप्रिय होताच एक तर विकत घेतली जाईल, जसे २०१२ मध्ये १ अब्ज डॉलरच्या व्यवहारात इन्स्टाग्राम घेतले गेले, नाही तर जशीच्या तशी उतरविली जाईल, हे ठाऊक असताना ती जोपासण्याचा धोका कोणी व का पत्करावा? इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप यांच्या खरेदीसंबंधी अमेरिकी व्यापार आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये भरलेल्या खटल्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने मेटाच्या, म्हणजे पूर्वीच्या फेसबुक कंपनीच्या, बाजूने निर्णय दिला. टिकटॉक आणि यूट्यूब यांना मेटाचे स्पर्धक मानताना, या सेवा एकमेकींसारख्या होत गेल्या आहेत, हेही न्यायालयाने विचारात घेतले. एकमेकांसारखे होत जाणे हाच स्पर्धेचा पुरावा ठरू शकतो, ही बाब चिंतनीय आहे.

निष्कर्ष

अनुकरण हे निर्मितीचे शत्रू नाही. झेरॉक्स आणि ॲपल यांचे उदाहरण त्याच्या सर्जक बाजूची साक्ष देते. ज्याच्या हाती लोकांचे परस्परसंबंध एकवटले आहेत, त्याचे प्रतिबिंबकल्प अनुकरण मात्र वेगळ्या कसोटीवर तपासले पाहिजे : त्याने पर्याय वाढले, की मूळ निर्मात्याकडे जाण्याचे कारणच नाहीसे झाले?

या प्रश्नाशी अध्यापकांचा थेट संबंध आहे. शिक्षण मंत्रालयाच्या योजनेनुसार २०१८ पासून महाविद्यालयांत नवोपक्रम परिषदा स्थापन झाल्या आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्याविरुद्ध नियमावली केली. विद्यार्थ्याने उतरवून काढलेल्या परिच्छेदाला आपण दोष म्हणतो. बड्या कंपनीने उतरवून काढलेली सोय मात्र वर्गात यशस्वी व्यूहरचना म्हणून शिकवतो. ही विसंगती विद्यार्थ्याच्या लक्षात येत नाही, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. त्याला 'नवे काही करा' असे सांगताना, नव्याचे पुढे काय होते, हेही शिकविणे आपले कर्तव्य आहे.