ज्याची खावी पोळी

क्रांती चौकात उड्डाणपुलाच्या बाजूला एका टपरीवर आम्ही संध्याकाळी चहाला थांबतो. भारत मोठी मॅच जिंकला की लोक गाड्या घेऊन याच चौकात येतात, महाराजांच्या पुतळ्यासमोर झेंडे फडकतात. १९ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री मात्र इथे नुसते सिग्नल बदलत होते. परवा त्याच रात्रीचा विषय निघाला, कारण मित्राच्या फीडमध्ये तो व्हिडिओ पुन्हा आला होता.

"बघ भाऊ, अजून डोळ्यात पाणी येतं," म्हणत त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला.

तुम्हीही तो बघितला असेल. २०२३ च्या विश्वचषकात प्रत्येक सामन्यानंतर क्षेत्ररक्षणाचे प्रशिक्षक टी. दिलीप ड्रेसिंग रूममध्ये उत्तम फिल्डरला पदक द्यायचे. नाव जाहीर करायची पद्धत दर वेळी नवी. कधी स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर, तर वानखेडेवर थेट सचिन तेंडुलकरचा व्हिडिओ. आणि नाव कळताच हे जगप्रसिद्ध खेळाडू गॅदरिंगमधल्या पोरांसारखे ओरडायचे. अंतिम सामना आपण हरलो, तरी पदक दिलं गेलं. विराट कोहलीला. खोलीत कुणी ओरडलं नाही.

"हे कुठला पत्रकार दाखवणार होता?" मित्राने विचारलं.

कुठलाच नाही. त्या खोलीत पत्रकाराला प्रवेशच नाही. तो कॅमेरा क्रिकेट मंडळाचा होता. चित्रीकरण त्यांचं, एडिटिंग त्यांचं, वेबसाइट आणि हँडलही त्यांचंच. युजवेंद्र चहल सहकाऱ्यांच्या मुलाखती घ्यायचा तो 'चहल टीव्ही'सुद्धा त्याच घरचा. आयपीएलच्या संघांकडे तर आता पगारी माणसांची अख्खी फौज असते. ती सराव दाखवते, मुलाखती घेते, सामन्याचा वृत्तान्त लिहिते. अमेरिकेत अशा माणसाचा हुद्दाच 'टीम रिपोर्टर' असतो. म्हणजे ज्या संघाची बातमी द्यायची, त्याच संघाचा पगार घेणारा बातमीदार.

यावर आपल्याकडे म्हण तयार आहे: ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. ती म्हटली की विषय संपतो असं पुष्कळांना वाटतं. मला ती अपुरी वाटते. टाळी ऐकू येते, त्यामुळे ती ओळखता येते. आपल्यापैकी कुणीही इतकं भोळं नाही की संघाच्या पेजवर संघाची निंदा वाचायला मिळेल असं समजावं. आणि त्या व्हिडिओत खोटं तरी काय होतं? चेहरे खरे, शांतता खरी. पगारी बातमीदार बहुतेक वेळा खरंच बोलतो. त्याचं परीक्षण करायचं तर तो कुठे थांबतो, ते बघायला हवं.

पदकाच्या व्हिडिओंकडे गोष्ट म्हणून बघा. रचना उत्तम आहे. उत्सुकता आहे, विनोद आहे, माया आहे. मोठी माणसं लहान होताना दिसतात, म्हणून आपण पुन्हा पुन्हा बघतो. पण या गोष्टीत प्रश्न विचारणारं पात्रच नाही. अंतिम सामन्यात भारताने २४० धावा केल्या. पहिली दहा षटकं संपल्यानंतर उरलेल्या चाळीस षटकांत मिळून फक्त चार चौकार गेले. का? मधल्या षटकांत नेमकं काय ठरलं होतं? खेळपट्टीचा अंदाज चुकला का? हे प्रश्न त्या खोलीत दिलीप यांनी विचारावेत असं कुणी म्हणणार नाही, ते प्रशिक्षक आहेत. अडचण अशी की त्या रात्रीची आपली आठवण आता त्याच व्हिडिओची आहे. हरण्याचं दुःख आपल्या लक्षात राहिलं, कारण मात्र हरवलं.

आता याच्या शेजारी दुसरं दृश्य ठेवा. २८ मे २०१३. स्पॉट फिक्सिंगच्या बातम्यांनी देश ढवळून निघाला होता आणि चॅम्पियन्स ट्रॉफीला निघण्याआधी महेंद्रसिंह धोनीची मुंबईत पत्रकार परिषद होती. पत्रकार आयपीएलबद्दल विचारत राहिले. संघाच्या मीडिया मॅनेजरने ते प्रश्न अडवले. धोनी गप्प बसून हसला. उत्तर मिळालं नाही, तरी ते हसू आजही लोकांच्या लक्षात आहे. न दिलेलं उत्तर हीच बातमी झाली.

किंवा १५ डिसेंबर २०२१. दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याआधी कोहलीने पत्रकारांसमोर सांगितलं की वन-डेचं कर्णधारपद गेल्याचं त्याला निवड समितीच्या बैठकीच्या दीड तास आधी कळलं. टी-ट्वेंटीचं कर्णधारपद सोडू नको असं आपल्याला कुणी म्हणालं नव्हतं, हेही त्याने सांगितलं. मंडळाचे अध्यक्ष सौरव गांगुली यांनी नेमकं उलट सांगितलं होतं. कोण खरं, हा वाद बाजूला ठेवू. मंडळाच्या स्वतःच्या मुलाखतीत हा प्रश्न कुणी विचारला असता का?

मला फरक दिसतो तो इथे. पत्रकार परिषदेत टाळलेलं उत्तर सगळ्यांना दिसतं. संघाच्या व्हिडिओत न विचारलेला प्रश्न कुणालाच दिसत नाही, त्याची जागासुद्धा शिल्लक राहत नाही. एडिटिंग इतकं सफाईदार असतं की काही राहिलं आहे याची शंकाही येत नाही.

हे मोबाइलच्या जमान्यातच सुरू झालं असंही नाही. भारतातल्या सामन्यांच्या प्रक्षेपणावर मंडळाचा ताबा असल्यामुळे समालोचकही मंडळाच्या मर्जीतला लागतो, हे जुनं आहे. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या भारत दौऱ्यासाठी इयान चॅपेल यांनी समालोचनाचं काम नाकारलं. संघनिवड, डीआरएस आणि मंडळाचा कारभार यांवर बोलायचं नाही, ही अट त्यांना मान्य नव्हती. २०१६ मध्ये आयपीएल तोंडावर असताना हर्षा भोगले यांना वगळलं, आणि का ते आपल्याला कुणी सांगितलं नाही असं त्यांनी स्वतः लिहिलं. २०१७ मध्ये रामचंद्र गुहा यांनी प्रशासक समितीचा राजीनामा दिला. खेळाडूंचं व्यवस्थापन करणाऱ्या कंपनीचे प्रमुख असलेले सुनील गावसकर त्याच खेळाडूंवर मंडळाच्या पॅनेलवरून समालोचन करतात, असा आक्षेप त्या पत्रात होता. मार्च २०२० मध्ये संजय मांजरेकर पॅनेलबाहेर गेले. काही महिन्यांनी त्यांनी मंडळाला ईमेल लिहून मार्गदर्शक सूचना पाळायची तयारी कळवली, तरी त्या वर्षीच्या आयपीएलसाठी त्यांना घेतलं नाही.

मांजरेकरांची सगळी मतं मला पटत नाहीत. रवींद्र जडेजाबद्दल ते २०१९ मध्ये जे बोलले, ते त्याच विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जडेजाने बॅटने खोडून काढलं. पण चुकण्याची मोकळीक असलेला समालोचक आणि चुकू नये म्हणून गप्प राहणारा समालोचक, यांतला पहिलाच मला ऐकायचा आहे. त्या ईमेलची बातमी वाचली तेव्हा मांजरेकरांपेक्षा पॅनेलवर असलेल्या बाकीच्यांचा विचार मनात आला. त्यांनी काय धडा घेतला असेल?

"लेखी स्वातंत्र्य दिलं तर?" असं कुणी विचारेल. तसंही करून झालं आहे. अमेरिकेत २००९ मध्ये रिच हॅमंड नावाचा पत्रकार वर्तमानपत्र सोडून लॉस एंजेलिस किंग्ज या आइस हॉकी संघाकडे गेला. पगार संघाचा, पण लिखाणात ढवळाढवळ नाही, असं ठरलं होतं. तीन वर्षं ते चाललंही. २०१२ मध्ये मालक आणि खेळाडू यांच्यात वाद पेटला, लीग बंद पडली, आणि हॅमंडने एका खेळाडूची मुलाखत संघाच्या साइटवर टाकली. ती उतरवावी असा लीगचा आग्रह झाला. त्याच सुमारास हॅमंड पुन्हा वर्तमानपत्रात परतला. बरे दिवस होते तोवर स्वातंत्र्य होतं. ज्या दिवशी त्याची गरज पडली, त्या दिवशी ते मालकाचं निघालं.

एवढं लिहून टाळी घ्यायला मीही मोकळा झालो असतो. पण दुसरी बाजू माझ्याच शहरात आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. छत्रपती संभाजी किंग्ज हा आपल्या शहराच्या नावाचा संघ त्यात होता, आणि सामने होते पुण्याजवळ गहुंजेला. संघ आपला, पण मैदान दोनशेहून जास्त किलोमीटर लांब. मोबाइलवर जे दिसलं तेच आपलं मैदान. जिल्ह्यातल्या पोरांच्या खेळासाठी वर्तमानपत्रात किती जागा उरली आहे, हे मी सांगायला नको. वि. वि. करमरकरांनी महाराष्ट्र टाइम्समध्ये खेळाला हक्काची जागा मिळवून दिली आणि कबड्डी-खो-खोलाही क्रिकेटच्या शेजारी बसवलं. २०२३ मध्ये ते गेले. आज खो-खोच्या खेळाडूचा चेहरा तुमच्या ओळखीचा असेल, तर तो बहुधा लीगच्या कॅमेऱ्यामुळे. तो कॅमेरा नसता तर काहीच नसतं. हा मुद्दा खरा आहे, आणि मला त्याचं उत्तर सहज देता येत नाही.

कारण मी स्वतः ते काम केलं आहे. तीन वर्षांपूर्वी एका टेनिस बॉल स्पर्धेच्या आयोजकांनी मला दहा दिवसांसाठी घेतलं होतं. रोज स्कोअरची पोस्ट, दोन रील, एक वृत्तान्त. आठ हजार रुपये. मला तो मान वाटला होता. ज्या पोरांचं नाव कुठे छापून येत नाही, त्यांच्या फटक्यांवर मी मन लावून लिहीत होतो आणि त्यांच्या घरचे ते शेअर करत होते.

सहाव्या दिवशी एक फिल्डर कॅच घेताना सीमारेषेलगतच्या लोखंडी खांबावर आदळला. मैदानावर डॉक्टर नव्हता, ॲम्ब्युलन्स नव्हती. त्याला मोटारसायकलवर मधे बसवून दवाखान्यात नेलं. खांदा मोडला होता. त्या रात्री याच टपरीवर बसून मी पोस्ट लिहिली: कॅचचं वर्णन, 'जिद्दीला सलाम', लवकर बरा हो. तासाभरात त्याच्या धाकट्या भावाची कमेंट आली: "दादा, ॲम्ब्युलन्स का नव्हती ते पण लिहा."

मी ती कमेंट लपवली.

मला कुणाचाही फोन आला नव्हता. आयोजकांनी काही सांगितलं नव्हतं. ते तर दवाखान्यात होते, पहिलं बिलही त्यांनीच भरलं. दबाव असा काही नव्हताच. मी फक्त विचार केला की हे पेज स्पर्धेचं आहे, इथे ते शोभणार नाही. पगारी बातमीदाराच्या हातून प्रश्न असा सुटतो. कुणी तो हिसकावून घेत नाही. आपणच तो अदबीने खाली ठेवतो, आणि वर आपल्याला वाटतं की आपण समजूतदार आहोत.

म्हणून अशी कामं करणाऱ्या पोरांना नावं ठेवायची माझी तयारी नाही. तुमच्यापैकी काही जण हेच करत असतील. काम करा, चांगलं करा. फक्त आपण बातमीदार आहोत असं स्वतःला सांगू नका, आणि वाचणाऱ्याला तर मुळीच नाही. अमेरिकेतल्या बेसबॉल लीगच्या साइटवर बातमीखाली एक ओळ असायची: या मजकुराला लीगची किंवा क्लबची मंजुरी घेतलेली नाही. त्या ओळीने सगळं साधतं असं नाही, पण निदान प्रश्न आहे हे ती मान्य करते. आपल्याकडे तेवढंही नसतं. आणि बघणाऱ्याने व्हिडिओ जरूर बघावा, रडूही यावं. मग तो संपला की क्षणभर थांबून बघावं, आता कुणाला काय विचारायचं राहिलं?

हे सगळं मी मित्राला सांगितलं. तो म्हणाला, "मग ती कमेंट आता उघड कर ना."

मी तिथेच पेज शोधलं. त्याचं नाव बदललंय. वेगळी स्पर्धा, नवे प्रायोजक. माझ्या पोस्ट अजून तिथे आहेत, 'जिद्दीला सलाम'सुद्धा. पासवर्ड मात्र माझ्याकडे नाही. काम संपलं त्या दिवशीच मी तो परत केला होता.