‘शून्य-खर्च’ एक्सेप्शन: एका नावाची तपासणी

“सी++ मध्ये एक्सेप्शन हाताळणीला खर्च नाही” हे वाक्य विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत नेहमी दिसते. ते निम्मे खरे आहे.

आधी खरा भाग पाहू. जुन्या सेटजंप-लाँगजंप पद्धतीत ट्राय ब्लॉकमध्ये शिरताना दरवेळी रजिस्टरांची नोंद करावी लागे. चूक घडो वा न घडो, किंमत मोजावीच लागे. लिनक्सवर जीसीसी आणि क्लँग आज ‘इटॅनियम सी++ एबीआय’ची तक्त्यांवर आधारलेली पद्धत वापरतात. तिच्यात अशी नोंद करावी लागत नाही. कोणत्या पत्त्यावर चूक झाल्यास कुठे जायचे, ही माहिती कंपायलर वेगळ्या तक्त्यांत लिहून ठेवतो. एक्सेप्शन फेकले जाईपर्यंत ते तक्ते कोणी उघडत नाही.

आता लपलेला भाग. थ्रो झाले की एक्सेप्शन ऑब्जेक्टसाठी जागा घेतली जाते आणि स्टॅकवर दोन फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत फक्त योग्य कॅच शोधला जातो. दुसऱ्या फेरीत डिस्ट्रक्टर चालवत एकेक फ्रेम सोडली जाते. दोन्ही वेळा प्रत्येक फ्रेमसाठी रिटर्न पत्त्यावरून तक्त्यात नोंद शोधावी लागते. दोन फेऱ्यांचा फायदाही आहे: कॅच सापडलाच नाही, तर स्टॅक न मोडता प्रोग्राम थांबवता येतो आणि चुकीची जागा डीबगरमध्ये दिसते.

शिवाय तक्त्यांमुळे फाइल मोठी होते. लिनक्सवर अनेक थ्रेडनी एकाच वेळी थ्रो केल्यास ते एका सामायिक लॉकपाशी खोळंबत. २०२२ मध्ये जीलिबसी २.३५ आणि जीसीसी १२ यांनी तक्ता शोधण्याची नवी सोय आणल्यावर ही अडचण बरीच कमी झाली. खर्च खरोखर शून्य असता, तर ही दुरुस्ती करावीच लागली नसती.

म्हणजे खर्च संपलेला नाही, त्याची जागा बदलली आहे. ही अदलाबदल योग्य आहे. पण चूक विरळ असेल तरच. दहा लाख ओळी वाचताना निम्म्या ओळी सदोष निघणार असतील, तर चूक हा नेहमीचाच निकाल आहे. तो रिटर्न मूल्यातून कळवावा. वाचता वाचता डिस्कच बंद पडली, तर थ्रो करावे.

म्हणून ‘शून्य-खर्च’ऐवजी ‘चूक होईपर्यंत फुकट’ असे लक्षात ठेवा. परीक्षेत व्याख्या लिहाल, तेव्हा पुढचे वाक्यही लिहा: चूक झाल्यावर बिल कोण भरतो?