चेहरा, अक्षर आणि पूल : क्लीव्हलँड बेसबॉल संघाच्या बोधचिन्हाची चिकित्सा

प्रस्तावना :
क्रीडासंघाचे बोधचिन्ह हे वरकरणी व्यापारी चिन्ह असले, तरी ते समाजाच्या दृष्टीचेही द्योतक असते. कोणाचा चेहरा कोणी रेखाटला आणि कोणी मिरवला, हा प्रश्न रेषा व रंग यांच्या चर्चेपासून वेगळा करता येत नाही. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील क्लीव्हलँड संघाचे बोधचिन्ह या दृष्टीने अभ्यसनीय ठरते.

बोधचिन्हाची वाटचाल :
या संघाने १९१५ मध्ये 'इंडियन्स' हे नाव स्वीकारले. पेनॉबस्कॉट जमातीचा लुई सॉकलेक्सिस १८९७ ते १८९९ या काळात क्लीव्हलँडच्याच 'स्पायडर्स' या जुन्या संघाकडून खेळला होता. त्याच्या सन्मानार्थ हे नाव दिले गेले, असे सांगितले जाते. मात्र त्याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. १९४७ मध्ये संघमालक बिल व्हेक यांच्या मागणीवरून वॉल्टर गोल्डबाक या १७ वर्षांच्या चित्रकाराने नवे चिन्ह रेखाटले. पिवळसर वर्ण, मोठे नाक, रुंद हास्य आणि डोक्यावर एक पीस असा तो चेहरा होता. १९४८ मध्ये संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली आणि चिन्हाला यशाचे वलय लाभले. १९५१ मध्ये नाक लहान झाले, वर्ण लालभडक झाला. 'चीफ वाहू' म्हणून हेच रूप रूढ झाले.

चिकित्सा :
रेखांकन म्हणून १९५१ चे रूप अधिक सुबक आहे. ते दुरूनही चटकन ओळखू येते. परंतु दोषही याच सुबकपणात आहे. व्यंगचित्रकार एखाद्या विशिष्ट व्यक्तीची वैशिष्ट्ये ठळक करतो. येथे व्यक्तीच नाही. त्यामुळे अतिशयोक्तीचा भार संपूर्ण समूहावर पडतो. सॉकलेक्सिसचा सन्मान हा हेतू मानला, तरी त्याच्या व्यक्तित्वाची कोणतीही खूण या चेहऱ्यात सापडत नाही.

चाहत्यांच्या लेखी हे चिन्ह पिढ्यान्‌पिढ्यांच्या आठवणींचे होते. ही आपुलकी खोटी नव्हती. तथापि पाहणाऱ्याच्या प्रेमाने चित्राचा आशय बदलत नाही. मूळ अमेरिकी रहिवाशांच्या संघटनेने १९७२ मध्येच या चिन्हाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती. अशी प्रतीके वापरणे थांबवावे, असा ठराव अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २००५ मध्ये केला.

२०१९ च्या हंगामापासून हा चेहरा गणवेशावरून हटला आणि 'सी' हे आद्याक्षर उरले. मैदानावर वापरण्यास हे चिन्ह आता उचित नाही, अशी भूमिका बेसबॉल महामंडळाने २०१८ मध्ये मांडली होती. मात्र व्यापारचिन्हाचा हक्क टिकविण्यासाठी काही वस्तूंची विक्री सुरूच राहिली. जे मैदानावर अनुचित ते दुकानात उचित कसे, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. 'सी' हे अक्षर निरुपद्रवी खरे. पण ते उत्तर नव्हते, मौन होते.

निष्कर्ष :
२०२१ चा हंगाम संपल्यावर संघाचे नाव 'गार्डियन्स' झाले. मैदानाजवळील होप मेमोरियल पुलावरील 'गार्डियन्स ऑफ ट्रॅफिक' या शिल्पांवरून ते घेतले आहे. शिल्पांच्या शिरस्त्राणावरील पंख नव्या चिन्हात चेंडूला लाभले. कलादृष्ट्या ते 'चीफ वाहू'इतके लक्षात राहणारे नसेलही. पण शहराने येथे स्वतःच्याच वास्तूतून आपली ओळख घडविली आहे. बोधचिन्हाच्या उत्क्रांतीचा निकष केवळ रेषेची सफाई हा नसून, त्या रेषेमागील अधिकार हाही आहे, हेच या वाटचालीतून स्पष्ट होते.